नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

[दृश्य : डिसेंबरची सकाळ. यशवंत स्टेडियमजवळचे मंडप, सतरंज्यांवर बसलेल्या बायका, चहाची वाफ.]

नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आधी रस्त्यावर दिसतं. मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवन, नागभवनची रंगरंगोटी होते, रस्त्यांवर बॅरिकेड लागतात आणि यशवंत स्टेडियमच्या आजूबाजूला मंडप पडतात. गडचिरोली, यवतमाळ, बुलढाण्याहून माणसं रात्रीची गाडी पकडून येतात.

या ताई अंगणवाडी सेविका आहेत. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला एक कागद. निवेदन. थकलेलं मानधन, अंगणवाडीचं गळकं छप्पर. टाईप केलेलं, खाली सह्या, काही ठिकाणी अंगठे.

[दृश्य : मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. पोलिसांची रांग, थांबलेला मोर्चा.]

मोर्चा विधान भवनापर्यंत जात नाही, अलीकडेच अडतो. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, कागद देतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसतो. पोच.

याच परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला. दिवसभर माणसं ताटकळली, त्यांना सामोरं जायला सरकारतर्फे कोणी आलं नाही. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ जीव गेले, त्यात कितीतरी बायका आणि लेकरं होती. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. आज झिरो माइलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलालाही त्या शहिदांचं नाव आहे. आम्ही नागपूरकर तिथून रोज जातो. सरकारनं लोकांना वेळेवर उत्तर देणं म्हणजे काय, हे आम्हाला त्या स्मारकापाशी जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठंही कळत नाही.

[दृश्य : विधान भवन, बाहेरून. मग छापील प्रश्नांच्या यादीचं एक पान, जवळून.]

अधिवेशन नागपुरात होतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात तसं ठरलं आहे : सरकारनं दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात यायचं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं घ्यायचं. राजधानीचा मान सोडताना विदर्भानं मागितलेली ही हमी होती.

आता हे पान वाचा. तारांकित प्रश्नाची भाषा वर्षानुवर्षं तीच आहे. "…हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" शेवटचं वाक्य बहुतेक प्रश्नांना असतं. आणि समोर, उत्तराच्या रकान्यात, वारंवार तीन शब्द भेटतात : प्रश्न उद्भवत नाही.

तारांकित प्रश्नाचं महत्त्व असं, की मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर कुणीही सदस्य उपप्रश्न विचारू शकतो. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर मिळतं. जो आमदार उपप्रश्नाची तयारी करून येतो, जुनं उत्तर काढून दाखवतो, तो "प्रश्न उद्भवत नाही" ऐकून खाली बसत नाही. पण त्यासाठी दिवस लागतात. २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांचं झालं. आदल्या दिवशी इथल्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, आणि खातेवाटप झालं ते २१ तारखेच्या रात्री. म्हणजे अधिवेशनभर अंगणवाडीचा प्रश्न विचारायचा तर नेमक्या कोणत्या मंत्र्याला, हेच ठरलेलं नव्हतं. विरोधी पक्षनेत्याची खुर्चीही रिकामी होती, कारण २८८ च्या सभागृहात एकाही विरोधी पक्षाकडे दहा टक्के जागा नव्हत्या. मला ही गोष्ट सोडून देता येत नाही. आकडा कमी पडला म्हणून जाब विचारणारी खुर्ची रिकामी ठेवणं हे सत्तेत कुणीही असलं तरी वाईटच आहे.

[दृश्य : सिव्हिल लाईन्स, महालेखाकार कार्यालयाचा परिसर. नंतर वैनगंगा, गोसीखुर्द धरण.]

विधान भवनापासून थोड्याच अंतरावर महालेखाकारांचं कार्यालय आहे. सरकारी खर्चाची तपासणी इथून होते. कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात आणि मग आमदारांची लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारते, पैसा गेला कुठं. लोकसभेत १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा पायंडा आहे.

गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढं १८ हजार कोटींच्या वर गेला. कॅगनं ताशेरे मारले. पण असे अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, आमदारांच्या बॅगा भरून झाल्यावर. पहिल्याच दिवशी ठेवले तर त्यावर तिथंच बोलता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नुसती इच्छा पुरते.

[दृश्य : रिकामा झालेला सभागृहाचा प्रवेशमार्ग. सतरंज्या गुंडाळणारे कामगार.]

आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचं काय? त्यासाठी आश्वासन समिती आहे. लोकसभेत ती १ डिसेंबर १९५३ ला स्थापन झाली, नागपूर करारानंतर दोनच महिन्यांनी. संसदेत आश्वासनाच्या पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. आपल्या विधिमंडळातही ही समिती आहे. "तपासून घेऊ", "लवकरच निर्णय घेऊ", "बैठक लावू" असं जे बोललं जातं, ते तिनं नोंदवायचं आणि विभागाच्या मागं लागायचं. टीव्हीवर हे काम दिसत नाही, तरी मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. मागच्या अधिवेशनातली किती आश्वासनं पुरी झाली, याची विभागवार यादी पुढच्या अधिवेशनाआधी लोकांच्या हातात पडली पाहिजे. साध्या मराठीत, तारखांसह.

[दृश्य : रात्र, रेल्वे स्थानक. ताई बाकावर बसल्या आहेत.]

परतीच्या गाडीला अजून दीड तास आहे. ताई प्लास्टिकचं कव्हर उघडतात आणि पोच पुन्हा पाहतात. शिक्का थोडा पुसट उमटला आहे, पण आवक क्रमांक आणि तारीख वाचता येते. घरी गेल्यावर झेरॉक्स काढायची, एक प्रत आमदाराला द्यायची आणि मार्चच्या अधिवेशनाआधी त्याला फोन करायचा, असं त्यांनी ठरवलं आहे.

"काय झालं विचारीन," त्या म्हणतात, "आणि नाही झालं तर का नाही झालं, तेही."