चिंचेवर आळ

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. फलकावर 'बुलिमिया' लिहिलंय आणि बोलायला उभा दातांचा डॉक्टर, त्यामुळे पहिल्या रांगेत मघाशी चर्चा चालली होती की हा हिरड्यांचा आजार का. नाही काकू. अचानक अमाप खाणं, हात थांबतच नाही असं, आणि मग ते अंगाला लागू नये म्हणून उलटी काढायची, जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या, नाहीतर दोन दिवस कडकडीत उपास. आठवड्यातून निदान एकदा असं होतंय आणि तीन महिने चाललंय, तर डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० पेशंटांवरून हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. नावाचा अर्थ ग्रीकमध्ये बैलाची भूक, त्यातला 'बूस' म्हणजे आपल्या 'गो'चाच भाऊबंद. बैलाला उगाच गोवलंय, तो बिचारा चारचौघांत रवंथ करतो. हा आजार लपून होतो.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी आईबरोबर आली, गार पाणी प्यायलं की दात शिवशिवतात म्हणून. बघितलं तर वरच्या पुढच्या दातांचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलेलं. मी लगेच निकाल दिला, चिंचा बंद! आई म्हणाली, अहो डॉक्टर, ही चिंचेला हातसुद्धा लावत नाही. मग मी कैरीवर गेलो, कैरीवरून लिंबू सरबत, तिथून कोल्ड्रिंक. आई प्रत्येकाला नाही म्हणतेय, मुलगी छताकडे बघतेय, आणि मी वकिलासारखा नवनवे आरोपी उभे करतोय. शेवटी शिवशिवीची टूथपेस्ट लिहून दिली. आणि जाता जाता आईला म्हणालो (हे आठवलं की अजून लाज वाटते), बघा मुलीने वजन कसं आटोक्यात ठेवलंय, शिका काहीतरी! आई कौतुकाने म्हणाली, संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार, सगळं करते हो माझी बाई.

दोन वर्षांनी ती एकटी आली आणि स्वतःच सांगितलं. झीज दातांच्या आतल्या बाजूला, टाळूकडे होती. बाहेरून आलेलं आंबट सहसा तिथून सुरुवात करत नाही, पोटातून वर आलेलं ॲसिड करतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं हो, परीक्षेत लिहिलंही होतं! पण समोर ना हडकुळी ना लठ्ठ अशी मुलगी, सुचलंच नाही. बुलिमियात वजन बहुतेकदा नॉर्मलच दिसतं.

म्हणून माझी तक्रार उपासाच्या कौतुकाबद्दल आहे. देवाशी माझं भांडण नाही, साबुदाण्याशी तर अजिबातच नाही. पण आपल्या घरात ताट बाजूला सारणाऱ्या मुलीला कोणी का म्हणून विचारत नाही, वर शाबासकी देतात. आणि लग्नात मावशी भेटली की हाय हॅलोच्या आधी 'जाड झालीस गं', लगेच पुढच्या वाक्यात 'अजून एक जिलबी घे'. पोरीने करायचं काय?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे, बरं कसं होतं हे तर राहिलंच! पळत सांगतो. लोकांना वाटतं खाण्यावर ताबा आणला की संपलं. उलट आहे. कडक डाएट, त्यातून वखवख, मग अधाशासारखं खाणं, मग अपराधीपणा आणि उलटी, आणि पुन्हा 'उद्यापासून काही खाणार नाही', असं चक्र आहे. ते उपासाच्या टोकाला तोडायचं. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची बोलण्यातून करायची थेरपी साधारण २० सेशनची, त्यातलं सुरुवातीचं मोठं काम म्हणजे वेळेवर खाणं. तीन जेवणं, मध्ये दोनतीनदा थोडंसं काहीतरी, चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. भूक असो नसो, सुरुवातीला घड्याळाचं ऐकायचं, कारण पोटाचा अंदाज बिघडलेला असतो. काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं ते तिथल्या तिथे लिहायचं. वजन आठवड्यातून एकदाच. मग हळूहळू 'माझी किंमत म्हणजे माझा आकार' या समजुतीवर काम. मध्ये एखाद्या रात्री घसरलं तर दुसऱ्या सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, नाहीतर चक्र पुन्हा सुरू. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी काहींना मदत करते, पण ती सायकिॲट्रिस्टने द्यायची, मी नाही आणि मेडिकलवाल्याने तर नाहीच. छातीत धडधड किंवा चक्कर असेल तर थांबू नका, उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि ते हृदयाला धोक्याचं. कुठे जावं कळत नसेल तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट आहे.

ती मुलगी? दात बसवून झाले, थेरपीला वर्षाच्या वर लागलं, दोनदा घसरली. आता संकष्टीला जेवते, आई थोडी नाराज आहे.

घंटा झाली. एकच, हे नाही सांगितलं तर माझी डिग्री काढून घेतील. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, ॲसिडने मऊ झालेलं एनॅमल त्यानेच खरवडलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरा. चहा आलाय वाटतं.