ॲन आर्बर : उन्हाळ्यातलं गाव

(दृश्य : विद्यापीठाचा घंटामनोरा, रिकामी वसतिगृहं)

मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. १८३७ साली डेट्रॉइटहून विद्यापीठ इथं आलं आणि गावाचं वर्ष शाळेच्या वर्षासारखं झालं. परीक्षा आटोपल्या की हजारो विद्यार्थी सामान बांधून आपापल्या घरी जातात. मागे राहतात ती इथली कायमची माणसं. प्राध्यापक, इस्पितळातल्या नर्स, सँडविचच्या दुकानातली पोरं आणि कारखान्यातले कामगारही. आर्गस कॅमेरे इथंच बनत. १९३६ पासून अमेरिकेतल्या कितीतरी साध्या घरांचे फोटो त्या कॅमेऱ्यांनी काढले.

ही सगळी माणसं एकत्र यायची ती बागेतल्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो)

खेळ शिकागोचा. १८८७ मध्ये एका बोट क्लबच्या बंद सभागृहात तो सुरू झाला. बॉक्सिंगचा ग्लव्ह आवळून बांधला, तो चेंडू. झाडूचा दांडा, ती बॅट. पुढं महामंदीत लोकांकडे वेळ होता, पैसा नव्हता. या खेळाला बेसबॉलपेक्षा लहान मैदान पुरतं, म्हणून तो देशभर पसरला. सरकारी रोजगार योजनेतून गावोगाव मैदानं तयार झाली. कारखान्यांच्या, चर्चच्या, दुकानांच्या टीम उभ्या राहिल्या.

पण सगळ्यांना खेळता आलं ते ‘स्लो पिच’मुळे. फास्ट पिचमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हात गर्रकन फिरवून, खालून चेंडू असा सोडतो की साध्या माणसाची बॅट लागतच नाही. पिचर भारी असला की बाकीची टीम नुसती उभी. स्लो पिचमध्ये चेंडू हळू, उंच कमानीत टाकायचा. पन्नाशीचे प्राध्यापकही तो टोलवतात. मग चेंडू सारखा मैदानात, नऊऐवजी दहा जण आणि प्रत्येकाच्या वाट्याला धावपळ. सात इनिंग साधारण तासाभरात उरकतात. सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय संघटनेनं १९५३ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली. चेंडू हळू टाकण्याच्या या नियमानं अमेरिकेतल्या गावांचं जे भलं केलं, त्याची नोंद इतिहासात फार कमी होते, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : संध्याकाळचं मैदान, लांब सावल्या)

आणि उजेड? उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करायचं का, यावर मिशिगनमध्ये १९६८ साली मतदान झालं. ‘नको’ म्हणणारे निसटत्या फरकानं जिंकले. १९७२ मध्ये लोकांनी ‘हो’ म्हटलं. तेव्हापासून जूनअखेरीस ॲन आर्बरमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. काम सुटल्यावर घरी जाऊन, जेवून यायचं, तरी एक मॅच उजेडात होते.

तो काळ तणावाचा होता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रात्रभर चाललेली देशातली पहिली ‘टीच-इन’, म्हणजे प्राध्यापक-विद्यार्थ्यांची व्याख्यानं आणि चर्चा, मार्च १९६५ मध्ये याच विद्यापीठात झाली होती. मैदानावर मात्र शेजारच्या बेसवरचा माणूस युद्धाबद्दल काय म्हणतो, हे विचारल्याशिवाय त्याच्याकडे चेंडू फेकावाच लागतो.

शेजारच्या डेट्रॉइटला तर स्लो पिचची व्यावसायिक टीमच होती, डेट्रॉइट सीझर्स. १९७७ आणि १९७८, दोन्ही वर्षी लीग त्यांनीच जिंकली.

(दृश्य : मुलींची टीम, सराव)

बायका सॉफ्टबॉल खेळत होत्या त्या तीसच्या दशकापासून, बागांमधून आणि कारखान्यांच्या टीममधून. विद्यापीठांना जाग आली ती १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना मुलींना खेळातही डावलता येईना. मिशिगन विद्यापीठाची मुलींची टीम १९७८ मध्ये मैदानात उतरली. २००५ मध्ये तिनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही विद्यापीठाला तोवर ते जमलं नव्हतं.

(दृश्य : वर्तमानपत्राची कात्रणं)

गावचं दैनिक ‘ॲन आर्बर न्यूज’ २००९ मध्ये बंद पडलं. त्याचा जुना संग्रह सार्वजनिक वाचनालयानं सांभाळला आणि टप्प्याटप्प्यानं सगळ्यांसाठी ऑनलाइन खुला केला. विद्यापीठाचा इतिहास लिहायला विद्यापीठ समर्थ आहे. उन्हाळ्यात मागे राहिलेल्या माणसांचा शोध घ्यायचा असेल, तर या संग्रहापासून सुरुवात करता येते.