कैद्याच्या वाट्याची भाकरी

राम राम मंडळी.

आपल्या जळगावच्या मे महिन्यात, भर दुपारी, मातीच्या रस्त्यावर अनवाणी शंभर पावलं चालून बघा. टाच टेकवत नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 च्या मे महिन्यात, इराकमधल्या कुत गावाहून हजारो कैदी तसल्याच उन्हात बगदादकडे निघाले. बूट फाटलेले, कित्येकांना तेही नव्हते. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या पुणे डिव्हिजनची ही माणसं. त्यांत 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढ्यात उपासमार सोसून 29 एप्रिलला सुमारे 13,000 जणांनी तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली होती.

तुर्कांनी त्यांना खायला बिस्किटं दिली. चहाबरोबर खातो तसलं बिस्किट डोळ्यांपुढे आणू नका. भरड पिठाचं, वाळून दगड झालेलं जाड ढेकूळच ते. आकसलेल्या पोटांनी त्यावर झडप घातली. त्या रात्री छावणीभर माणसं पोट धरून लोळत होती, आणि काहींनी सकाळ पाहिली नाही.

तुर्कांची फौजही खंगलेली होती, हे सांगायलाच हवं. त्या महायुद्धात त्यांचे शिपाई गोळीपेक्षा रोगराईने जास्त मेले. पहारेकरीच अर्धपोटी. युद्धाचे नियम ठरवणारा 1907 चा हेगचा करार म्हणतो, कैद्याला आपल्या शिपायाइतकंच अन्न द्या. पण शिपायाच्याच ताटात काही नसेल तर? मीही बरीच वर्षं म्हणायचो, टंचाईने मारलं, कुणाला काय बोल लावायचा!

पण त्याच फौजेने कैदी अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं. या कैद्यांचे इंग्रज सेनापती टाउनशेंड तर युद्ध संपेपर्यंत इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात सुखाने राहिले. म्हणजे बोट होती, अन्नही होतं. दुष्काळात शेवटची भाकरी कुणाच्या पानात पडते आणि कोण नुसतं पाणी पिऊन निजतं, हे आपल्या आयाबायांना विचारा. टंचाई खरीच असते, पण वाढणारा हातही असतोच ना?

साध्या शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. सुमारे 2,600 गोऱ्या शिपायांपैकी 1,700 हून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपाई मेले ते किमान अडीच हजार. 'किमान' म्हणतो, कारण त्यांची मोजदादच नीट कुणी ठेवली नाही. आणि ही हेळसांड शत्रूपुरती राहिली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. इंग्रजांनी इराकमधल्याच बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे.

तुमच्या घरी पणजोबांच्या पेटीत त्या लढाईचं एखादं पदक पडलेलं असेल, तर ते उजेडात धरा. त्यावर राजाचा चेहरा असेल, तर तो सोडा. कडेवर बोट फिरवा. तिथे बहुधा बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते नाव वहीत उतरवून ठेवा.