‘एमएसजी घातलेलं नाही’

सुरुवातीलाच विचारते. पाकिटामागचं बारीक अक्षर कोण वाचतं? हात वर करा. छान. आणि ६२१ दिसताच पाकीट जागेवर ठेवून देणारे? जवळजवळ तेवढेच! मग आज मला तुमच्याशीच बोलायचंय.

६२१ हा मोनोसोडियम ग्लुटामेटचा, म्हणजे एमएसजी या चव वाढवणाऱ्या पदार्थाचा क्रमांक. १९०८ साली तोक्योत किकुनाए इकेदा हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एका प्रश्नाच्या मागे लागले. कोंबू या समुद्री शेवाळाच्या कढणाला जी चव असते, ती नेमकी कशाची? गोड, आंबट, खारट, कडू, कशातच ती बसेना. शेवाळ उकळून, आटवून त्यांनी ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं (ग्लुटामेट हे त्याचंच रूप) आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. पिकल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये, आईच्या दुधातसुद्धा ग्लुटामेट असतं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

मग एवढी भीती कुठून आली? १९६८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी उपाहारगृहात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं, असं त्यांनी लिहिलं होतं. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, वाइन, मीठ आणि एमएसजी अशा निरनिराळ्या शंका मांडल्या होत्या. लोकांनी एकच शंका उचलली. पुढच्याच वर्षी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचलं, तर मेंदूला इजा झाल्याचं दिसलं. पण टोचणं वेगळं आणि जेवणातून पोटात जाणं वेगळं! १९९५च्या अमेरिकी आढाव्यात एवढंच निघालं, की अन्नाशिवाय तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही संवेदनशील माणसांना थोडा वेळ त्रास होऊ शकतो. एका वाढपात ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं.

आता माझी तक्रार. माझ्या थोरल्या भावाला गाऊट आहे, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात. अंगठा सुजला की चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तो अगदी निष्ठेने ‘एमएसजी घातलेलं नाही’ असं ठळक छापलेलं सूपच आणायचा. एकदा मी पाकीट उलटं केलं. यीस्टचा अर्क, ६२७, ६३१. यीस्टच्या अर्कात मोकळं ग्लुटामेट असतंच. ६२७ आणि ६३१ म्हणजे ग्वानिलेट आणि इनोसिनेट. ग्लुटामेटच्या जोडीला चिमूटभर पडले, की चव कितीतरी पटींनी उठते. आणि शरीरात त्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं! प्रमाण थोडं असतं, मान्य. पण ज्याला पथ्य सांगितलंय त्याला समोरच्या बाजूला दिलासा द्यायचा आणि खरं ते मागे बारीक अक्षरात ठेवायचं? त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग येतो. भावाला मी ते सांगितलं तेव्हाचा त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुख्य मुद्दा राहिलाच, भराभर सांगते.

एमएसजीत सोडियम सुमारे १२ टक्के, साध्या मिठात ३९. म्हणजे रक्तदाबवाल्यांनी आधी मिठाचा आकडा बघावा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली ग्लुटामेटची मर्यादा घातली, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅम झाले, आणि मुलं ही मर्यादा ओलांडू शकतात असंही त्यांनीच नोंदवलंय. मला खरी काळजी वाटते ती याची, की चव वरून घालता येते म्हणून आत भाजी, डाळ, मांस कमी असलं तरी खपतं. स्टार्च आणि तेलाला सुपाची चव येते, जिभेला पोषणाचा निरोप जातो आणि पोटात मात्र ते पोचत नाही. २०१९ साली अमेरिकेत वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियित, म्हणजे कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया करून बनवलेलं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. साखर, मीठ, चरबी, तंतू ताटात सारखेच. तरी अतिप्रक्रियित अन्न असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. दोष एकट्या चववर्धकांचा, असं त्या प्रयोगातून म्हणता येत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण घटकांच्या यादीत पहिली तीन नावं कसली आहेत ते बघा, ६२१ नंतर शोधा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेतून आधी.