इंजेक्शन, उन्हाळा आणि अंगातलं मीठपाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढं जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. या उन्हात वजन उतरवायचं आठवडी इंजेक्शन घेणारी मंडळीही आता आपल्यात आहेत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही त्यातली नावं. टिर्झेपटाइड आपल्या देशात मार्च २०२५ मध्ये आलं. औषध घ्यावं की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी बोलणार आहे ते अंगातल्या मीठपाण्याबद्दल.

या औषधानं पोट सावकाश रिकामं होतं आणि भूक मरते. अशा माणसाचं ताट बघा. दीड भाकरीवरून गाडी अर्ध्यावर आलेली, वरणाची वाटी तशीच, ताकाला तोंडही लावलेलं नाही. घरचे खूश, खाणं आवरलं म्हणून. पण त्या वरणात पाणी होतं, मीठ होतं, डाळीतलं पोटॅशियम होतं. दिवसभरात पोटात जाणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा आपल्याला जेवणातूनच मिळतो. जेवण घटलं की तोही घटतो. काहींची तहानही मंदावते. त्यात सुरुवातीची मळमळ, उलट्या, जुलाब, आणि वर आपला घाम.

मग रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बाजेवरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते. लघवी कमी आणि गडद पिवळी होते. यावर लोक म्हणतात, "वजन उतरतंय, थोडा अशक्तपणा येणारच." हे बोलणं मला अजिबात पटत नाही. उलट्या-जुलाबांनी अंग कोरडं पडलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

उलट्या-जुलाब चालू असताना तांब्यावर तांबे नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. त्यानं रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, माणूस बरळायलाही लागतो. अशा वेळी ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलंय ना, मग लिटरभरच पाणी मोजून घ्या. ग्लासात चिमूट-चिमूट टाकू नका. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. घोट घोट प्या. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानातल्या रंगीत गोड बाटल्यांना मात्र ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

पोट ठीक असेल, तर रोज ओआरएसची गरज नाही. पातळ ताक, ज्वारीची आंबील, वरणाचं वरचं पाणी, थोडं थोडं पण दिवसभर. जेवणासोबत एकदम पाणी प्यायलं तर मळमळ वाढते, म्हणून ते दोन जेवणांच्या मध्ये घ्या.

आता ज्यांना बीपी आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका. टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं पोटॅशियम अंगात साठू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळं किंवा इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची, पावडर त्यात भरच घालते. लघवीच्या बऱ्याचशा गोळ्यांचं उलटं, त्या सोडियम-पोटॅशियम बाहेर काढतात. शेजाऱ्याला मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही. रक्ताची साधी तपासणी करून घ्या: सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कळायला क्रिएटिनिन. वजन उतरलं की बीपीही उतरतो, तेव्हा जुन्या गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारा. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असाल आणि हात थरथरून घाम फुटला, तर ती साखर उतरलेली असू शकते. आधी ग्लुकोमीटर लावा.

पाणीही पोटात ठरत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, छातीत धडधडत असेल किंवा पोटात असह्य दुखत असेल, तर घरगुती उपाय बंद आणि थेट दवाखाना.

आणखी एक. या इंजेक्शनची मात्रा टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि वाढवलेल्या त्या आठवड्यात मळमळ जास्त असते. तुमचा पुढचा टप्पा ऐन मे महिन्यात, घरच्या लग्नात किंवा शेतातल्या कामाच्या दिवसांत येत असेल, तर तो थोडा लांबवता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.