सोलापुरातली नाताळची प्रेमकथा

नमस्कार मंडळी. आवडीच्या पुस्तकांवर बोला, असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हटलं. डिसेंबर लागला की मी एकाच प्रकारची पुस्तकं वाचते: नाताळात घडणाऱ्या ख्रिस्ती प्रेमकथा. लहानसं गाव, बर्फ, गावातलं एकुलतं चर्च, कुणी विधवा, कुणी विधुर, एखादं आईविना मूल, आणि चोवीस तारखेच्या रात्री जुळणारी दोन मनं. शारीरिक वर्णनं नाहीत, फार तर हात हातात घेतात. प्रेमाच्या जोडीने आणखी एक गोष्ट चालू असते, ती म्हणजे दुःखाने देवावरून उडालेला विश्वास हळूहळू परत येण्याची.

परवा संपवलेल्या कादंबरीतला एक प्रसंग सांगते. चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा उभा करणाऱ्या सुताराचे हात थंडीने फुटलेत, हे नायिका बघते. घरी येते, कपाट उघडते, गेलेल्या नवऱ्याचे लोकरीचे हातमोजे काढते, परत ठेवते, परत काढते. डाव्या अंगठ्यापाशी तिनेच कधीतरी वेगळ्या रंगाच्या लोकरीने रफू केलेलं आहे. शेवटी ती ते हातमोजे त्याला देते. तो रफूवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "हे तुम्ही केलंत?" बस्, एवढंच. प्रेमाची कबुली पुढे कितीतरी पानांनी येते, पण माझ्या लेखी ती इथेच झाली.

माझी मुलगी म्हणते, शेवट आधीच ठाऊक असतो तर वाचायचं कशाला? पंढरपूरच्या जिल्ह्यातून आलेल्या तुम्हा माणसांना मी याचं काय उत्तर देऊ! कीर्तनातल्या आख्यानाचा शेवट मागे बसलेल्या म्हातारीलाही पाठ असतो, तरी ती मध्येच उठून जात नाही. आमच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री लूकच्या शुभवर्तमानातून जन्माची गोष्ट वाचायचे. आईला ती तोंडपाठ होती. तरी बाळाला गव्हाणीत निजवलं, या ओळीला तिचा आवाज दरवर्षी बदलायचा.

मला खटकतं ते वेगळंच. काही लेखकांना फार घाई असते. एक उपदेश ऐकला की नायकाचं मन पालटतं, एका प्रार्थनेत वर्षानुवर्षांचा राग विरून जातो. माणसं अशी बदलत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. त्यांच्या पतीने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि संसार दुभंगला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत राहायला आल्या, त्या आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, मनाने कौल दिल्यावर. इतका धीर प्रत्येक कादंबरीकाराने धरावा, असं मला फार वाटतं.

ही परक्यांची पुस्तकं आहेत, असंही कुणी समजू नका. बायबलमधली रूथ विधवा आणि परदेशी. सासूचा हात न सोडता ती बेथलेहेमला येते आणि सातूच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे पडलेली कणसं, वेचते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, तिच्यासाठी पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम काढून टाका आणि तिला रागावू नका. पुढे दोघांचं लग्न होतं. त्याच गावात, त्याच कुळात येशूचा जन्म झाला. ज्वारीच्या रानात सरवा वेचणाऱ्या बायका बघत वाढलेल्या आपल्याला ही प्रेमकथा समजावून सांगावी लागत नाही. आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, म्हणजे विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्याला जेमतेम वर्ष झालं तेव्हाची. तिच्यातली यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

मग नाताळातली एक प्रेमकथा सोलापूरची, मराठीत का नसावी? तिला बर्फ नको. डिसेंबरची कोरडी थंडी पुरे. दारावर कागदी चांदणी, डब्यांत करंज्या-शंकरपाळ्या, रात्री गल्लीगल्लीतून गाणी म्हणत फिरणारी चर्चची पोरं. एका घरापाशी ती घुटमळतात, कारण त्या बाईचा नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही. गावं की पुढे जावं? तेवढ्यात तीच दार उघडते. चहाचं पातेलं तिने आधीच चढवून ठेवलेलं असतं. पोरांच्या सोबतीला आलेला यंत्रमागावरचा एक कामगार चपला काढून, डोक्याची मफलर सोडून दारातच उभा राहतो. त्यापुढे दोघांना हवा तेवढा वेळ द्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरतेच, वाटलं तर तिथे भेटू द्या त्यांना.

आपल्या मंडळात चांगलं लिहिणारी माणसं आहेत, दिवाळी अंकात त्यांच्या कथा मी वाचल्या आहेत. माझ्याकडची पुस्तकं बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत, ज्यांना हवीत त्यांनी घरी न्यावीत. आणि कुणी लिहायला बसलंच, तर पहिलं प्रकरण झाल्याझाल्या मला फोन करा. पुढच्या मेळाव्यात इथे उभी राहून मी ते मोठ्याने वाचून दाखवीन.