रताळ्याचा र

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात अंगणवाडीच्या टीचर, मराठी शाळांतले पहिली-दुसरीचे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

माईक जरा लांबच ठेवते. 35 वर्षं पहिलीच्या वर्गात गेली, त्यामुळे माझा आवाज तसाही गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी बेळगावातून एक गुळगुळीत रंगीत तक्ता आणला होता. शाळा तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला. तक्ता भिंतीवर लावला, छडीनं पहिल्या चित्रावर टकटक केलं आणि म्हटलं, ‘म्हणा, अ अननसाचा.’ एक पोरगा उठून म्हणाला, ‘बाई, ह्यो फणस एवढा बारका कसा?’ मी त्याला खाली बसवलं. पुढचे आठ दिवस वर्ग खुशाल ‘अ फणसाचा’ म्हणत होता आणि मी चिडत होते. त्या पोरानं अननस कधी पाहिलाच नव्हता. काटेरी सालीचं फळ त्याला ठाऊक होतं, ते घराच्या मागेच लटकलेलं असायचं. चित्राचा अर्थ त्यानं बरोबर लावला होता. तक्ताच चुकला होता, आणि तक्त्यापेक्षा मी.

साधनं म्हटलं की आपल्याला आधी विकत आणायची वस्तू आठवते. तक्ते, प्लॅस्टिकची अक्षरं, कार्डं. 2023 साली केंद्रानं ‘जादूई पिटारा’ आणला, तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी. खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी. कल्पना चांगलीच आहे. पण खेळाच्या सामानाची पेटी कुठलीही असो, मी एका शाळेत गेले तेव्हा ती कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. म्हटलं, उघडा की. तर म्हणाले, ‘पोरं वस्तू हरवतात, मग हिशेब कोण देणार?’ आता या प्रश्नाला शैक्षणिक उत्तर माझ्याकडे नाही. ज्या वस्तूचा हिशेब द्यावा लागत नाही ती वस्तू वर्गात आणा, एवढंच मी सांगू शकते. चिंचोक्यांचं ऑडिट होत नाही.

ही काही माझी अक्कल नव्हे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, तेव्हा माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं गावात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. शिंपले, बिया, खडे, पानं यांवर त्यांनी काम भागवलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मूल बालवाडीत येत नाही? मग बालवाडी मुलाच्या अंगणात न्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली आणि तो शब्द सगळ्या भारतानं उचलला. कर्नाटकातही अंगणवाडीच म्हणतात. तुम्ही रोज ज्या दारातून आत जाता त्या दारावर एका मराठी बाईचा शब्द आहे, हे मला इथं सांगावंसं वाटतं.

आता अक्षरांकडे येऊ. आपण सुरुवात स्वरांनी करतो. अ आ इ ई पासून अं अः पर्यंत सगळे पाठ झाले, दोन महिने गेले. एवढ्या भांडवलावर मूल धड शब्द किती वाचू शकतं? ‘आई’ आणि ‘ऊ’. त्यातली दुसरी डोक्यात आधीच असते. (हशा) मग क ख ग घ ङ. ‘ङ’ला चित्र नाही, त्यानं सुरू होणारा शब्द नाही, तरी आपण त्याला ओळीतून उठवत नाही. वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला. पण तो ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी सुंदर आहे. वाचायला शिकणाऱ्यानं त्याच रांगेत उभं राहिलं पाहिजे असं थोडंच आहे?

आमच्या बेळगाव-खानापूरच्या पश्चिम भागात रताळी निघतात तेव्हा मूल शेतात असतं, वर्गात नसतं. एका वर्षी मी वैतागून म्हटलं, चला, रताळंच शिकू. र, त, ळ घेतले. त्यांना क, म, न, ल जोडले. आणि बाराखडीतला एकच काना. इतकंच. बघा किती शब्द होतात: नाक, कान, मान, काम, ताक, मका, माळ, नळ, तारा, काळा, कमळ, मामा, काका, नाना. ‘मला ताक’ हे दोन शब्द एका मुलीनं फळ्यावरून स्वतः जुळवून वाचले आणि वाचून झाल्यावर ताक कुठाय म्हणून इकडंतिकडं बघायला लागली. वाचन म्हणजे काय, याची मला कळलेली सगळ्यात चांगली खूण ती. अक्षरांतून तिला ताक मिळालं होतं.

अक्षरांच्याही आधी कान. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊ नका, त्याच्या हातांनी टाळ्या वाजवून घ्या. र-ता-ळं, तीन टाळ्या. नळ, दोन. कुणाचं नाव सगळ्यात लांब? ‘क’नं सुरू होणारं घरातलं काय काय? शब्दाचे तुकडे होतात हे कानाला कळल्याशिवाय डोळ्याला अक्षर दिसत नाही, नुसती वेलबुट्टी दिसते.

वेलबुट्टीवरून आठवलं. पहिली वेलांटी. ‘कि’ म्हणताना आधी क, मग इ. लिहिताना मात्र आधी काठी आणि मग क. मूल ‘कि’ उलटं लिहितं तेव्हा ते कानाशी प्रामाणिक असतं. त्याला मारू नका, थांबा. रफाराचंही तसंच. ‘सूर्य’मधला र आधी ऐकू येतो आणि जाऊन बसतो य च्या डोक्यावर. चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, वर जोडाक्षरं. हे शेकड्यांत जाणारं काम आहे. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर संशोधक सोनाली नाग यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंत वेळ जातो असं त्यात दिसलं. आणि आपल्याला दिवाळीपर्यंत बाराखडी संपवायची असते.

आता इथला खरा प्रश्न. आपल्या मुलाला एक भाषा मिळत नाही. घरी तो म्हणतो, ‘पाऊस पडायलाय.’ पुस्तक म्हणतं, ‘पाऊस पडत आहे.’ अंगणवाडीत गाणी कन्नड, आणि बापाला पाहिजे एलकेजी. मी काय करायचे ते सांगते. मुलानं चित्र काढायचं आणि चित्राबद्दल एक वाक्य बोलायचं. ते वाक्य मी त्याच्या समोर, जसंच्या तसं चित्राखाली लिहायची. ‘आई शेताकडं गेलीया.’ एकदा एका साहेबांनी वही बघून लाल शाईनं ‘गेली आहे’ केलं. मुलाला ते वाचता येईना, कारण ते त्याचं वाक्यच उरलं नव्हतं. मला विचाराल तर पहिलं वर्ष ‘गेलीया’ राहू द्या. दुसरीत शेजारी ‘गेली आहे’ लिहा आणि दोन्ही वाचून घ्या. प्रमाण भाषा त्याला यायलाच हवी, ती सीमाभागातल्या मराठी पोरांची गरज आहे. पण ‘तू बोलतोस ते चूक’ असं सांगून नव्हे. आपल्याकडं मराठीचा अभिमान मिरवणुकीत फार असतो, आणि पोरगं ‘पडायलाय’ म्हणालं की आपणच हसतो.

कन्नडचं काय? बोलायला पहिल्या दिवसापासून. त्याच रताळ्याला कन्नडच्या वेळी ‘गेणसु’ म्हणायचं. आपल्या ताटातलं तूप हे त्यांचं ‘तुप्प’, आपले अण्णा-अक्का तर त्यांच्याकडूनच आलेले. मुलांना हे सांगितलं की खूप मजा वाटते. लिपी मात्र एका वेळी एक. देवनागरीची बाराखडी हाताशी बसली की कन्नडचं ‘कागुणित’, म्हणजे त्यांची बाराखडी, अवघड जात नाही, कारण व्यंजनाला खूण चिकटते ही युक्ती तीच आहे. नवं असतं ते थोडं: ए आणि ओ तिथं ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. एकाच महिन्यात दोन्ही लिप्या सुरू केल्या की मूल दोन्हीकडून अर्धं राहतं, हे मी बघितलं आहे. गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीविव्हर’ हे संकेतस्थळ बघा, 2015 पासून आहे. एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही, फुकट, छापूनही घेता येते. दोन छापा आणि दोरीवर शेजारी शेजारी टांगा. मुलाच्या हाताला येतील इतक्या खाली. आपण नेहमी आपल्या उंचीवर टांगतो.

इंग्रजीबद्दल मघाशी चिठ्ठी आली आहे, ‘चार वर्षांच्या मुलाला एबीसीडी लिहिता येत नाही, काय करावं?’ काही करू नये. त्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर सांगा. आजीला सांगायला लावा.

बाकी बोलणं पुरे. आपण खानापुरात बसलोय, इथली कौलं आणि मडकी सगळ्या मुलखात जातात, आणि आपण मुलांना अक्षरं गिरवायला कागद शोधतो! मागच्या ओसरीवर मी दोन घमेली मळलेली माती ठेवली आहे. प्रत्येकानं एकेक लिंबाएवढा गोळा घ्यायचा, त्याची वळी करायची आणि तिचा र करून पाटावर ठेवायचा. डोळे मिटून बोटानं चाचपून बघा, वळण कुठं आहे ते. अक्का, तुम्ही पुढे व्हा. हात धुवायला पाणी नळाजवळ आहे.